बडोद्यातले रस्ते, खोदकाम आणि आपला उंबरठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, वाडी आणि आता वाघोडिया रोड, भायलीकडे राहायला गेलेली आपली मराठी मंडळी रस्त्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी बरीच वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, त्यामुळे काही ठिकाणी माझं मतही येईल. बहुतेक प्रश्न काम संपल्यावर येतात. पण रस्त्याचं बरंवाईट डांबर पडायच्या आधीच, जमिनीखाली, ठरून गेलेलं असतं. म्हणून गल्लीत पहिला फावडा पडेल त्या दिवशीच हे वाचा, अशी कळकळीची विनंती आहे.

१. आमच्या गल्लीत अचानक खोदायला सुरुवात झाली. काय चाललंय ते कुठून कळेल?

आधी कामाचा फलक शोधा. तो गल्लीच्या तोंडाशी असतो किंवा बॅरिकेडवर बांधलेला असतो. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत एवढं त्यावर असायला हवं. फलक गुजरातीत असतो. त्यातला ‘इजारदार’ म्हणजे ठेकेदार आणि ‘खातमुहूर्त’ म्हणजे आपलं भूमिपूजन. मोबाइलवर फलकाचा फोटो काढून ठेवा, कारण काम संपलं की फलक जातो आणि पुढच्या सगळ्या तक्रारींना तोच आधार लागतो.

फलक नसेल तर वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या कामाचा इंजिनिअर कोण, एवढंच विचारा. मुकादमाला विचारलं तर तो बिचारा ‘पाइपलाइन छे’ एवढंच सांगेल, आणि पाण्याची, ड्रेनेजची, पावसाळी गटाराची की गॅसची, यात फार फरक असतो. का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. खड्ड्याची तक्रार केली तर ‘हा रस्ता आमचा नाही’ असं उत्तर मिळालं. मग कोणाचा?

हे उत्तर कधीकधी खरंच असतं. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे आहेत. शहराचे चार झोन आणि १९ निवडणूक प्रभाग आहेत, आणि दर प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात. पण कपुराई चोकडी, गोल्डन चोकडी, दुमाड चोकडी यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींतले रस्ते जीआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, बघते. रेल्वेच्या हद्दीतला रस्ता रेल्वेचा. शहराबाहेरच्या राज्यरस्त्यांचा आणि त्यांवरच्या पुलांचा मालक राज्याचा मार्ग आणि मकान विभाग, म्हणजे बांधकाम खातं.

हे भेद कोरडे वाटतात, पण त्यांचं महत्त्व आपण फार वाईट प्रसंगी शिकलो. ९ जुलै २०२५ रोजी पादरा गावाजवळचा मही नदीवरचा गंभीरा पूल वाहनांसकट कोसळला आणि माणसं गेली. १९८५ साली बांधलेला तो पूल बडोदा आणि आणंद जिल्ह्यांना जोडत होता, आणि तो राज्याच्या विभागाकडे होता. पुलाची तक्रार महापालिकेत देऊन थांबणारा माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. म्हणून तक्रारीखाली एक ओळ नेहमी लिहा: ‘रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित विभागाकडे पाठवून मला कळवावे.’

३. तक्रार कुठे आणि कशी करावी म्हणजे ती हरवत नाही?

महापालिकेच्या तक्रार केंद्रात फोनवर किंवा ऑनलाइन नोंदवा आणि क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार ही फक्त गप्पा ठरते. जागा सांगताना ‘मंदिराजवळ’ असं लिहू नका; दुकानाचं नाव किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक द्या. नगरसेवकांना सांगायला हरकत नाही, पण आधी नोंद, मग फोन. तरीही हललं नाही तर राज्य सरकारचा ‘स्वागत’ हा तक्रार निवारण कार्यक्रम आहे. तो २००३ पासून चालू आहे आणि जिल्हा पातळीवरही भरतो. तिथे जाताना आधीच्या तक्रारींचे क्रमांक जवळ असले तर तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

४. कालपरवा कार्पेट (डांबराचा वरचा थर) टाकलेला रस्ता आज पाइपसाठी खोदला. असं का होतं, आणि आपण थांबवू शकतो का?

सर्वात जास्त वेळा आलेला आणि सर्वात जास्त संतापाने विचारलेला प्रश्न हाच.

आपल्या एका साध्या गल्लीखाली किती संस्था नांदतात बघा. आजवा सरोवराचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून शहरात येतंय, त्यानंतर महीच्या फ्रेंचवेलचं, म्हणजे नदीपात्रातल्या मोठ्या विहिरींचं, पाणी आलं, म्हणजे पाण्याच्या जुन्या-नव्या दोन पिढ्यांच्या लाइनी. त्याखाली ड्रेनेज, बाजूला पावसाळी गटार. मग वडोदरा गॅसची पाइपलाइन, वीज कंपनीच्या केबल, आणि सगळ्यात वर, जेमतेम हातभर खोलीवर, टेलिफोन-इंटरनेटच्या तारा. प्रत्येकाचं बजेट वेगळं, मंजुरी वेगळी, मुदत वेगळी. रस्त्याचं काम आधी मंजूर झालं आणि ड्रेनेजचं चार महिन्यांनी, तर मंजुरीच्या क्रमाने काम होतं आणि रस्ता फुटतो.

योग्य क्रम एकच: सगळ्यात खोल असलेलं आधी. ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग गॅस आणि केबल, मग फूटपाथ, शेवटी डांबर. हा क्रम मोडला की पैसा पाण्यात.

थांबवता येतं, पण खोदकाम सुरू झाल्यावर नाही. कार्पेट टाकायच्या आधी. रस्त्याचं काम जाहीर झालं की गल्लीतल्या दहा घरांनी सह्या करून वॉर्डच्या इंजिनिअरला एक पानाचं पत्र द्यावं: आमच्याकडे ड्रेनेज तुंबतं, अमुक घरांना गॅस मिळायचा आहे, अमुक ठिकाणी पाण्याची लाइन गळते, हे आधी करा, मग रस्ता. सोबत ज्यांना नवं कनेक्शन हवं आहे त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज करावेत. नवीन रस्ता फोडणाऱ्यांत सरकारी खात्यांइतकेच आपणही असतो. रस्ता झाल्यावर आठ दिवसांनी नळाचं कनेक्शन मागणारं घर प्रत्येक गल्लीत निघतं.

५. चर बुजवल्यावर पहिल्या पावसात तोच पट्टा खचतो. माती कमी घालतात का?

माती पुरेशी असते, दाबलेली नसते. सहा फूट खोल चर एकदम भरून वरून रोलर फिरवला तर वरचा फूटभरच दबतो. खालची माती पोकळ राहते आणि पहिल्या पावसात बसते. चर थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून कुटायचं, हा नियम साधा आहे आणि वेळ खातो, म्हणून टाळला जातो.

त्यात बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. खोदून काढलेली तीच माती परत चरात ढकलली तर पट्टा दर ऋतूत वरखाली होणार. चरात मुरूम किंवा खडीची कच भरतायत का, एवढं खिडकीतून बघता आलं तरी पुष्कळ. काळी माती परत जाताना दिसली तर फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा.

६. ‘भुवा पडला’ म्हणजे काय? तो खड्ड्यापेक्षा वेगळा का?

महाराष्ट्रातून नव्याने आलेली मंडळी हे विचारतात. खड्डा वरून खाली जातो, भुवा खालून वर येतो. खड्ड्यात डांबराचा वरचा थर निघतो. भुव्यात रस्ता वरून शाबूत दिसतो आणि एक दिवस एखादी रिक्षा किंवा टँकरच आत जातो.

कारण बहुतेक वेळा जुनी ड्रेनेज लाइन. मैलापाण्यातून निघणारा वायू पाइपच्या वरच्या भागात साठतो, त्याचं आम्ल बनतं आणि काँक्रीटचा पाइप छताकडून झिजत जातो. सांधा उघडला की आजूबाजूची माती थोडी थोडी पाइपात वाहून जाते. वर पोकळी वाढत राहते, डांबराचा थर कमानीसारखा काही काळ तग धरतो, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वाढलं की कोसळतो.

आधी खुणा दिसतात, आणि त्या ओळखल्या तर जीव वाचतो. रस्त्याला गोलाकार, ताटलीसारखा खोलगटपणा येणं. त्याभोवती वर्तुळाकार तडे. पाऊस नसताना एकाच जागी ओल. जवळच्या ड्रेनेजच्या चेंबरमधून मातकट पाणी वाहणं. यातलं काही दिसलं तर तिथे ताबडतोब काहीतरी आडवं ठेवा, बाकडं, कुंडी, काहीही, आणि मग फोन करा. भुवा नुसता मुरूम टाकून बुजवला तर तो परत पडतो. खाली पाइप दुरुस्त झाला का, हा एकच प्रश्न इंजिनिअरला विचारत राहा.

७. दर पावसाळ्यात खड्डे पडतात. डांबर निकृष्ट असतं म्हणूनच ना?

कधीकधी. पण पहिला गुन्हेगार साचलेलं पाणी. डांबर आणि खडी यांची पकड पाणी सोडवतं, आणि वरून चाक गेलं की ते दाबाने आणखी आत शिरतं. म्हणून रस्त्याला मधून कडेला उतार लागतो. डांबरी रस्त्याला साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर. तुमच्या रस्त्यावर पाऊस थांबल्यावर तासाभराने कुठे डबकं उरतं ते बघून ठेवा. पुढचा खड्डा तिथेच पडणार.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा कित्येक रस्ते दिवसच्या दिवस पाण्याखाली होते. अशा रस्त्यावर नुसता नवा थर देऊन भागत नाही. खालची खडी भिजून ढिली झालेली असते. ‘पुरानंतर कार्पेट केलं होतं, तरी फुटलं’ असं ज्यांनी लिहिलं, त्यांचं उत्तर हेच.

८. पावसाळ्यात डांबरी काम का करत नाहीत? खड्डे तर तेव्हाच पडतात.

ओल्या पृष्ठभागावर गरम डांबर चिकटत नाही. म्हणून साधारण जूनमध्ये कार्पेटिंग थांबतं आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात कोल्ड मिक्स (गरम न करता टाकायचं डांबर-खडीचं मिश्रण), पेव्हर ब्लॉक किंवा खडीने तात्पुरती भर घालतात. ती तात्पुरतीच असते, तिच्याकडून वर्षाची अपेक्षा धरू नका.

९. गल्लीसाठी डांबर चांगलं की काँक्रीट?

पाणी साचणारी, अरुंद, जड वाहनं न येणारी गल्ली असेल आणि खालच्या सगळ्या लाइनी नव्या झाल्या असतील, तर काँक्रीट. लाइनी जुन्या असतील तर काँक्रीट म्हणजे पुढच्या प्रत्येक गळतीला ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) लावणं. अशा ठिकाणी मी पेव्हर ब्लॉकच्या बाजूने आहे: उचलता येतात, परत बसवता येतात, आणि थोडं पाणी जमिनीतही मुरतं. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांमध्ये, तर निःसंशय ब्लॉकच.

१०. नवं काँक्रीट झालं. चालायला, गाडी न्यायला किती दिवस थांबायचं?

चालायला एक-दोन दिवस. गाड्यांसाठी इंजिनिअर सांगेल तोपर्यंत; काँक्रीटची ताकद मोजायचा ठरलेला काळ २८ दिवसांचा आहे, आणि पाण्याचा टँकर किंवा ट्रक त्याआधी आणू नये. डांबरी रस्ता मात्र थंड झाला की काही तासांत खुला करता येतो.

यापेक्षा मोलाचं काम तुमच्या हातात आहे. काँक्रीटवर मातीचे बांध घालून पाणी साठवतायत का, किंवा गोणपाट ओलं ठेवतायत का ते बघा. किमान दोन आठवडे. मे महिन्याच्या बडोद्याच्या उन्हात एक दुपार कोरडी गेली तरी वर जाळीसारखे तडे येतात. माझ्या मावशीच्या गल्लीत टँकर येईना, तेव्हा घराघरांतल्या बायकांनी कपडे धुतल्यावरचं शेवटचं पाणी दहा दिवस गोणपाटांवर टाकलं. तो रस्ता आजही बघण्यासारखा आहे.

११. दर वेळी थर चढवून रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला. पावसाचं पाणी घरात येतं. काय करावं?

हे मी स्वतः भोगलंय. आमच्या जुन्या घराला रस्त्यावरून तीन पायऱ्या होत्या. मी शाळेत असताना दोन राहिल्या, मुलीच्या लग्नाच्या वर्षी एक, आणि आता रस्ता ओट्याच्या बरोबरीला आहे. एका वर्षी नवा थर टाकताना आम्ही तोंडी विनवलं, ‘जुना काढून मग टाका.’ ‘हो हो’ म्हणून रात्रीत थर पडला आणि त्या जुलैत आईच्या खोलीत घोटाभर पाणी होतं.

उपाय आहे आणि त्याला नाव आहे: मिलिंग. यंत्राने जुना थर खरवडून तेवढ्याच जाडीचा नवा टाकायचा, म्हणजे पातळी तीच राहते. ही बाब कामाच्या अंदाजपत्रकात असावी लागते. नसेल तर ठेकेदार ती करणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणून मागणी लेखी, आणि निविदा निघायच्या आधी. पत्रासोबत जोतं आणि रस्ता यांचा पट्टी लावून काढलेला फोटो जोडा.

काम होऊन गेलं असेल तर कडेच्या गटाराची जाळी आणि चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणून घ्या. जाळी खाली दबून राहिली की पाण्याला तुमच्या उंबरठ्याखेरीज वाट उरत नाही.

१२. नव्या रस्त्यावर कोणीतरी गोल भोकं पाडलीत. तोडफोड आहे का?

नाही, ही चांगली खूण आहे. यंत्राने नळकांड्यासारखा तुकडा कापून थराची जाडी आणि घनता तपासतात. भोक नीट बुजवलं गेलं नसेल तेवढं मात्र कळवा.

१३. रस्ता वर्षात उखडला तर परत पैसे खर्च होणार का?

प्रत्येक कामाच्या निविदेत दोष दुरुस्तीची मुदत लिहिलेली असते. त्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आणि तोपर्यंत त्याची काही अनामत अडकलेली असते. मुदत प्रत्येक कामाची वेगळी, म्हणून फलकाचा फोटो (प्रश्न १). अडचण एकच: मधे दुसऱ्या कोणी रस्ता खोदला, तर ‘माझं काम फोडलं गेलं’ म्हणून ठेकेदार हात वर करतो. त्यामुळे खोदणाऱ्याचंही नाव आणि तारीख लिहून ठेवा.

१४. माहिती अधिकारात रस्त्याबद्दल काय मागता येतं? अर्ज मराठीत चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इथेच अर्ज अडकतात. २००५ च्या कायद्यानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. बडोद्यात ती गुजराती. मराठीत दिलेला अर्ज परत आला तर तक्रारीला जागा नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे. गुजरातमध्ये शुल्क २० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

‘रस्ता खराब का?’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: वर्क ऑर्डर, माप पोथी (केलेल्या कामाच्या मापांची नोंदवही), प्रयोगशाळेचे अहवाल, दोष दुरुस्तीची मुदत दाखवणारं पान. शिवाय फार थोड्यांना ठाऊक असलेला हक्क असा की, या कायद्याखाली कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो.

१५. आमच्या सोसायटीच्या आतला रस्ता महापालिका का करत नाही?

कारण तो खासगी आहे. त्यासाठी राज्याची जनभागीदारी योजना आहे: खर्चाच्या ७० टक्के राज्य सरकार, १० टक्के महापालिका आणि २० टक्के सोसायटी. ब्लॉक, काँक्रीट, पाण्याची लाइन, ड्रेनेज अशी कामं त्यात बसतात. सभासदांचा ठराव आणि वाटा आधी तयार ठेवा. कागदांपेक्षा वर्गणीच्या वादातच वर्षं जातात, असा माझा अनुभव आहे.

१६. भायली, सेवासी, बिल इथले रस्ते शहरापेक्षा मागे का?

ही गावं २०२० मध्ये शहरात आली. जुना रस्ता ग्रामपंचायतीच्या मापाचा, इमारती शहराच्या मापाच्या. शिवाय गुजरातमध्ये नव्या भागातले रस्ते १९७६ च्या नगररचना कायद्याखालच्या टीपी स्कीममधून निघतात: प्रत्येक जमीनमालकाच्या जागेतला काही हिस्सा घेऊन रस्ते, बागा आखायच्या आणि उरलेली जमीन नव्या आखणीत परत द्यायची. ताबा मिळेपर्यंत नकाशावरचा रुंद रस्ता जागेवर चिखलाची पायवाट असतो. फ्लॅट घेताना ‘समोर मोठा रस्ता येणार आहे’ यावर विसंबू नका. टीपी स्कीम कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा.

१७. रस्तारुंदीत घराचा पुढचा भाग जाणार अशी कुजबुज आहे. खरंच तोडतात का?

कुजबुजीवर घाबरू नका आणि नोटीस आली तर फाइलमध्ये ठेवून विसरू नका. महापालिका कायद्याच्या (१९४९) कलम २१० नुसार रस्त्याची नियमित रेषा ठरते. ती बदलायची असेल तर महापालिकेच्या सभेची मंजुरी लागते आणि त्या सभेच्या किमान एक महिना आधी जाहीर सूचना द्यावी लागते. तो महिना तुमचा: हरकत लेखी द्या, पोच घ्या. रेषेपुढे आलेलं बांधकाम मागे घ्यायला कलम २१२ खाली सांगतात, पण आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी देऊन. भरपाईची तरतूद कलम २१६ मध्ये आहे.

जुन्या वाड्यांत खरा घोळ कागदांचा. घर अजून पणजोबांच्या नावावर आणि वारस पुण्यापासून अमेरिकेपर्यंत. भरपाई कोणाच्या हाती द्यायची हेच ठरत नाही. नोटीस यायची वाट न बघता वारसनोंद करून घ्या. आणि मंजुरीशिवाय पुढे काढलेला ओटा, पत्रा किंवा पायरी असेल, तर त्याला हे संरक्षण नाही.

१८. तांबेकर वाड्याजवळ राहतो. स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे, मग ड्रेनेजसाठी कसं खोदलं?

भाऊ तांबेकरांच्या वाड्यातली भित्तिचित्रं हा आपल्या शहराचा ठेवा आहे, त्यामुळे ही काळजी मला मनापासून आवडली. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पण कायद्याने केलेल्या ‘बांधकामा’च्या व्याख्येतूनच गटारं आणि ड्रेनेजची कामं, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा वगळले आहेत. म्हणून लाइन टाकता येते. तिच्या बाजूला तुम्हाला नवी खोली मात्र बांधता येत नाही. घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. जुन्या भिंतींजवळ ब्रेकर आणि व्हायब्रेटरी रोलर चालत असेल तर हाताने खोदण्याची आणि साध्या रोलरची मागणी जरूर करा.

१९. रस्त्याच्या कामात वडापावची लारी (हातगाडी) हटवली. परत लावता येईल का?

पथविक्रेता कायदा २०१४ नुसार सर्वेक्षणात नोंद झालेल्या आणि प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हटवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. दबाण (अतिक्रमण) शाखेची गाडी आली की आधी प्रमाणपत्र दाखवा. नोंद नसेल तर वॉर्ड ऑफिसात त्याची चौकशी करा. काम चालू असेपर्यंत तात्पुरती जागा मागणं हा सगळ्यात व्यवहारी मार्ग, आणि रस्त्याचं काम सुरू होण्याआधी मागितली तर ती मिळण्याची शक्यता जास्त असते.

२०. गल्लीत स्पीडब्रेकर हवाय. आम्हीच सिमेंटचा केला तर?

करू नका. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. घरगुती बनवलेला हातभर रुंद उंचवटा दुचाकीवर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका मोडतो. शाळा किंवा वळण असेल तर वाहतूक पोलीस आणि वॉर्ड, दोघांनाही लिहा.

२१. फूटपाथ इतका उंच की आजोबांना चढता येत नाही. याला काही नियम?

आहे. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि वस्तीत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असं रस्ते परिषदेची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. पत्रात हा उल्लेख करा. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी उतार ठेवायला काम चालू असतानाच सांगा. नंतर तोडून उतार करणं महागात जातं.

२२. रात्री अकरानंतर ब्रेकर चालतो. चालतं का?

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रं वापरता येत नाहीत. मुख्य रस्त्यावर रहदारीमुळे रात्री कार्पेटिंग करतात तेव्हा मी स्वतः दोन रात्री सोसतो. आठवडाभर ब्रेकर चालला तर पोलिसांना कळवा.

२३. गणपतीचा मांडव नव्या रस्त्यावर कसा उभारायचा?

परवानगी घेऊन आणि खड्डे न खणता. एका मांडवासाठी पहारीने पाडलेली वीस-पंचवीस भोकं म्हणजे पाण्याला आत शिरायला तेवढीच दारं, आणि भाद्रपदात पाऊस असतोच (प्रश्न ७). वाळू भरलेल्या पिंपांत किंवा लोखंडी बैठकीवर खांब उभे करा. जमत नसेल तर दरवर्षीसाठी रस्त्यात झाकणाच्या नळ्या बसवून द्या, अशी मागणी रस्त्याचं काम होताना करा. ज्या मंडळांनी हे केलं त्यांच्या गल्ल्या मी पाहिल्यात. अनंत चतुर्दशीनंतरही रस्ता जसाच्या तसा.

२४. मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूला सहा लाखांची भरपाई ठरवली म्हणे. ती बडोद्यात मिळेल का?

नातेवाइकांकडून ही बातमी आपल्याकडे फिरते, म्हणून स्पष्ट सांगतो. ऑक्टोबर २०२५ चा तो आदेश मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख असा आहे, पण तो महाराष्ट्रापुरता. आपण गुजरात उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. इथे वकील त्या निकालाचा दाखला देऊ शकतात, पण इथल्या महापालिकेला तो आपोआप बांधत नाही.

देशभर लागू असलेली तरतूद वेगळी आहे. मोटार वाहन कायद्यातलं कलम १९८अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं: रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार ठेकेदार किंवा अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. त्यासाठी पुरावा त्याच दिवशीचा लागतो. आधी जखमी माणसाला दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर ‘रस्त्यावरील खड्ड्यामुळे पडले’ असं कारण लिहून घ्या. घरातल्या दुसऱ्या कोणी तेवढ्यात परत जाऊन खड्ड्याचे फोटो काढावेत, एक जवळून आणि एक आजूबाजूची दुकानं दिसतील असा. सकाळपर्यंत थांबू नका; अपघातानंतरचा खड्डा बऱ्याचदा त्याच रात्री बुजवला जातो.